पोर आजारी पडलं, आता कुठे न्यायचं? शहरात नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्या आईबापांसाठी

नव्या घरी गॅस जोडला गेला, दूधवाला ठरला, की त्याच आठवड्यात आणखी एक काम उरकून घ्या. पोर आजारी पडलं किंवा त्याला लागलं, तर कुठे न्यायचं ते ठरवून ठेवा. गावाकडे हे ठरवावं लागत नाही. डॉक्टर कोण हे सगळ्यांना माहीत असतं, त्यांचं घरही माहीत असतं, आणि शेजारच्या काकू दारात येऊन सांगतात की बाई, आता थांबू नकोस. शहरात आलं की हे सगळं एकदम सुटतं आणि हातात उरतो मोबाइलवरचा नकाशा.

आम्ही परभणीहून पुण्यात आलो तेव्हा धाकटा चौदा महिन्यांचा होता. ऑगस्टमधल्या एका रात्री त्याला धाप लागली. सर्वांत जवळचं रुग्णालय गाठलं. काचेची इमारत, चोवीस तास सेवेची लाल पाटी. केसपेपर काढला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि सिस्टरना लहान मुलाचा ऑक्सिजन मास्क आणायला सांगितला. तो नव्हता. मोठ्या माणसाचा होता, तो लावला तर बाळाच्या कपाळापासून हनुवटीच्या खालपर्यंत येत होता आणि सगळ्या बाजूंनी हवा सुटत होती. त्यांचे बालरोगतज्ज्ञ शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. पाऊण तास गेला आणि मग आम्हाला सांगितलं, दुसरीकडे न्या.

रिक्षावाल्या दादांनीच आम्हाला एका जुन्या दुमजली बालरुग्णालयात नेलं. तिथले डॉक्टर वरच्या मजल्यावर राहायचे. घरच्या कपड्यांतच खाली आले, काही विचारायच्या आधी बाळाचा सदरा वर केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत श्वास मोजायला लागले. पूर्ण एक मिनिट. मग म्हणाले, "वाफ द्या, ऑक्सिजन लावा, नाव-गाव नंतर लिहू." चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो.

तेव्हापासून नव्याने आलेल्या प्रत्येक आईला मी एकच गोष्ट सांगते. रुग्णालयाचं नाव, इमारत, घरापासूनचं अंतर हे सगळं नंतर. त्या घटकेला आत लहान मुलांवर उपचार करणारं माणूस आहे का आणि लहान मुलांचं सामान आहे का, हे आधी. आणि ही चौकशी पोर खेळत-बागडत असताना करायची.

आधी चार ठिकाणं शोधा

पहिलं ठिकाण, नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. सर्दी, साधा ताप, लस, वजन यासाठी. पाटीवरची पदवी वाचा: एमडी पेडियाट्रिक्स, डीएनबी पेडियाट्रिक्स किंवा डीसीएच. पाटीवर नोंदणी क्रमांकही असायला हवा. कोपऱ्यावरचे जनरल प्रॅक्टिशनर चांगले असू शकतात, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी बालरोगतज्ज्ञच गाठावेत असं माझं ठाम मत आहे. सुट्टीवर गेल्यावर ते कुणाकडे पाठवतात, हे त्यांना पहिल्याच भेटीत विचारा. आणि एकदा डॉक्टर धरले की धरून ठेवा. दर आजाराला नवा दवाखाना केला की मागचं वजन, मागचं औषध, कशाची ॲलर्जी आली होती, हे कुणाच्याच वहीत एकत्र राहत नाही.

दुसरं, रात्री उघडं असणारं आणि मूल दाखल करून घेणारं बालरुग्णालय. असं दहा-वीस खाटांचं रुग्णालय महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी आणि शहरातल्या प्रत्येक भागात सापडतं. न्यूमोनिया, जुलाबाने सुकलेलं बाळ, आकडी, दमा, डेंग्यू यातलं बरंचसं तिथे सांभाळलं जातं.

तिसरं, मोठं रुग्णालय. तिथे मुलांचा अतिदक्षता विभाग, बालशल्यचिकित्सक, सीटी स्कॅन आणि रक्तपेढी असते. इथे एक घोटाळा हमखास होतो. पाटीवर एनआयसीयू लिहिलेलं असतं आणि आपण समजतो की मुलांचं आयसीयू आहे. एनआयसीयू नवजात बाळांसाठी असतं. दोन वर्षांच्या मुलाला पीआयसीयू लागतं. प्रसूतिगृहाला जोडून एनआयसीयू असलेली रुग्णालयं पुष्कळ आहेत, पीआयसीयू असलेली त्या मानाने थोडी. म्हणून हे अक्षर तपासून घ्या.

चौथं, सरकारी किंवा महापालिकेचं मोठं रुग्णालय. पुण्यात ससून, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय म्हणजे सगळे म्हणतात ते वायसीएम. मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया हे खास मुलांचं रुग्णालय आहे, धर्मादाय संस्थेचं, 1929 पासूनचं. शिवाय केईएम, सायन, नायर आणि सरकारी जे.जे. नागपुरात मेडिकल आणि मेयो, छत्रपती संभाजीनगरात घाटी, कोल्हापुरात सीपीआर. गोव्यात बांबोळीचं जीएमसी. खेड्यात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय अशी उतरंड आहे. अठ्ठावीस दिवसांच्या आतल्या बाळासाठी जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंचा वेगळा कक्ष असतो, त्याला एसएनसीयू म्हणतात. सरकारी म्हटलं की नाक मुरडणारे असतात. गर्दी असते, रांग असते, स्वच्छतागृहाची दशा कधी कधी बघवत नाही, हे खरं. पण साप चावला, कुत्रा चावला, पोराने विष घेतलं, तर मी सरळ मोठं सरकारी रुग्णालय गाठीन. ज्यांच्यासमोर असे रुग्ण रोज येतात त्यांचा हात बसलेला असतो, आणि सर्पदंशाची, रेबीजची लस तिथे ठेवलेली असते.

जाऊन बघा, फोनवर विसंबू नका

एखाद्या रविवारी, संध्याकाळी सातनंतर, पोराला बरोबर घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी जाऊन या. रिसेप्शनवर सरळ सांगा, आम्ही नवीन राहायला आलोय, माहिती हवी आहे. मग विचारा: रात्री मुलांचे डॉक्टर इमारतीत असतात की बोलावल्यावर येतात? बोलावल्यावर येत असतील तर किती वेळात? ऑक्सिजन, नेब्युलायझर म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, आणि मुलांच्या मापाचे मास्क आहेत ना? रात्री एक्स-रे आणि रक्ताची तपासणी होते का? तुमच्या आवाक्याबाहेर गेलं तर कुठे पाठवता, आणि रुग्णवाहिका तुमची का आमची? डिपॉझिट किती घेता?

या प्रश्नांना कुणी वैतागलं तर त्यातूनही उत्तर मिळतं. ज्या बालरुग्णालयात आम्ही पुढे कायम जात राहिलो, तिथल्या सिस्टरनी मला ड्रॉवर उघडून मास्कचे तीन आकार दाखवले होते.

परत येताना रिक्षाला किती वेळ लागला ते बघा. तोच रस्ता सोमवारी संध्याकाळी सहाला किती वेळ खातो, हेही माहीत करून घ्या. हिंजवडी, वाघोली, कात्रज भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. चार किलोमीटरवरचं रुग्णालय वाहतुकीत तासावर जातं आणि उलट दिशेचं सात किलोमीटरवरचं वीस मिनिटांत येतं. सोसायटीच्या वॉचमनना विचारा. रात्री कुणाच्या घरी रुग्णवाहिका कुठून आली, कुठे गेली, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

मग एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवा. चारही ठिकाणांचे पत्ते आणि नंबर, 108, मुलाचं नाव, जन्मतारीख, वजन, ॲलर्जी, चालू औषधं. वजन दर दोन महिन्यांनी खोडून नवीन लिहा. मुलांचं औषध वजनावर ठरतं. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असतं, आणि पातळ औषधाच्या बाटलीत पाच मिलिलिटरला 120, 125 किंवा 250. ड्रॉप्सची बाटली संपली म्हणून तेवढंच मोजून दुसऱ्या बाटलीतून दिलं, की मात्रा चुकते. कुठली बाटली, किती मिलिलिटर, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

पोराकडे बघून ठरवा: थांबायचं का निघायचं

खालच्यापैकी एक जरी दिसलं तर अपॉइंटमेंट घेत बसू नका. दुसरं किंवा तिसरं ठिकाण, लगेच.

बाळ काहीच पीत नाही, अंगावर ओढत नाही. जे पोटात जातं ते सगळं उलटून पडतं. आकडी आली. हाक मारली, हलवलं, तरी नीट जागं होत नाही, मान टाकतं. ओठ, जीभ निळसर दिसतात. आठ तासांत लघवी नाही, डोळे खोल गेलेत, टाळू खचलीय. अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत आणि बोटाने दाबले तरी फिके पडत नाहीत. किंवा बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे आणि ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर आहे. एवढ्या लहानाला मग ते हसत-खेळत असलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला दाखवायचं. नवजात बाळ उलट गार पडत असेल तर तेही तितकंच वाईट.

श्वासाचं जरा सविस्तर सांगते, कारण घरच्या घरी बघता येईल अशी ही सर्वांत कामाची गोष्ट आहे. बाळ शांत असताना किंवा झोपेत बघा, रडताना नाही. सदरा वर करा. फोनवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच आकडे शिकवतात. मग बरगड्यांखाली बघा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का? नाकपुड्या फुलतात का? कण्हल्यासारखा आवाज येतो का? श्वास नुसता जलद असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. छाती आत ओढली जात असेल तर आत्ता, आणि ऑक्सिजन असलेल्या ठिकाणीच.

आकडी आली तर बाळाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन. थांबली तरी पहिल्या आकडीला रुग्णालयात दाखवायचंच.

पावसाळ्यात तापाचा एक डाव लक्षात ठेवा. डेंग्यूत ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमका तोच काळ जपण्याचा असतो. ताप गेल्यावर पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, पोर एकदम मलूल, असं काही दिसलं तर लगेच दाखल करा. निदान होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलखेरीज दुसरं काही देऊ नका. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको.

उलट्या-जुलाबात पोर खेळतंय, पितंय, लघवी होतेय, तर घरी ओआरएस चालू ठेवून नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं तरी चालतं. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात, 200 मिलिलिटरचं तेवढ्याच पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नका. चमच्या-चमच्याने पाजा. सरकारी दवाखान्यात ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या फुकट मिळतात. झिंक चौदा दिवस द्यायचं असतं, जुलाब थांबले म्हणून मध्येच बंद करू नका.

आणि मेडिकलवाल्याला विचारून खोकल्याची बाटली आणू नका. 2025 साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांच्या किडन्या निकामी झाल्या त्या खोकल्याच्या औषधात मिसळलेल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषाने. कितीतरी पोरं नागपूरला आणली होती, आणि त्यातली बरीच परत गेली नाहीत. लहानग्याच्या साध्या खोकल्याला औषधाची गरज बहुधा नसतेच. लागलंच तर ते डॉक्टर लिहून देतील.

लागलं, भाजलं, चावलं, गिळलं

डोक्यावर पडलं आणि लगेच रडून खेळायला लागलं, तर घरी लक्ष ठेवता येतं. पण क्षणभरही शुद्ध गेली, एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, झोप वेगळीच वाटली, किंवा पोर वर्षाच्या आतलं आहे, तर सीटी स्कॅन असलेलं तिसरं ठिकाण. गच्चीवरून, जिन्यावरून उंचावरून पडलं असेल तर उचलून पळू नका. मान हलू न देता 108 बोलवा.

भाजलं तर आधी नळ. वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली, मग निघायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ, शाई काही नाही. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. चेहरा, हात, पावलं, सांधे, शरमेची जागा, किंवा पोराच्या तळव्यापेक्षा मोठा भाग भाजला असेल, विजेने भाजलं असेल, तर भाजलेल्यांचा वेगळा वॉर्ड असलेलं रुग्णालय. तो तुमच्या शहरात कुठे आहे, हे फ्रिजवरच्या कागदावर आधीच लिहून ठेवा.

कुत्रा, मांजर, माकड चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मिरची-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी लस. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं. ते छोट्या दवाखान्यात सहसा नसतं, म्हणून फोन करून विचारूनच निघा, नाहीतर सरळ मोठं सरकारी रुग्णालय. पुढच्या तारखा एकही चुकवू नका. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

साप चावला तर पोराला चालू देऊ नका, हात-पाय फळीने स्थिर ठेवा, आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषारी सापांवर एकच लस चालते, तेव्हा साप पकडून आणायची गरज नाही. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही. कोकणातला लाल विंचू लहान मुलांच्या जिवावर उठायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर वापरून दाखवलं, आणि तेव्हापासून चित्र पालटलं. विंचू चावल्यावर पोराला दरदरून घाम आला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर वेळ दवडू नका. घाटमाथ्यावर आणि कोकणात राहणाऱ्यांनी आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ही दोन्ही औषधं आहेत का, हे पावसाळ्याआधी विचारून ठेवावं.

रॉकेल, फिनाइल, ॲसिड, शेतीचं औषध पोटात गेलं तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. बाटली बरोबर घ्या. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली, किंवा गिळली असावी एवढा संशय जरी आला, तरी एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून वस्तू काढायची सोय असलेलं मोठं रुग्णालय लगेच. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत जाळायला लागते.

आणि शेंगदाणा. आपल्याकडे घराघरात दाण्याचा डबा उघडा असतो. खेळता खेळता पोराला ठसका लागला, लालबुंद झालं, मग शांत झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून खोकला-घरघर सुरू झाली, तर ती सर्दी नसू शकते. दाणा श्वासनळीत जाऊन बसलेला असू शकतो. एक्स-रेत दाणा दिसत नाही. म्हणून ठसक्याची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि ब्रॉन्कोस्कोपीने मुलांच्या श्वासनळीतून वस्तू काढणारं ठिकाण विचारून तिकडेच जा.

निघताना आणि दारात

108 ची रुग्णवाहिका फुकट आहे, आणि तिच्यात डॉक्टर असतो. श्वास लागलेला, बेशुद्ध, आकडी न थांबणारी, मोठा अपघात, अशा पोरासाठी तीच. पण येईपर्यंतचा वेळ विचारा. रुग्णालय दहा मिनिटांवर आणि रुग्णवाहिका अर्ध्या तासावर असेल, तर रिक्षा. एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने मागे बसून पोराकडे बघायचं. एकट्याने दुचाकीवर बांधून नेऊ नका. निघायच्या आधी रुग्णालयात फोन करून एका वाक्यात सांगा: "चौदा महिन्यांचं बाळ, धाप लागलीय, पंधरा मिनिटांत पोचतोय, मुलांचे डॉक्टर आहेत का?" नाही म्हणाले तर रस्त्यातच दिशा बदलता येते. त्या रात्री एवढा एक फोन केला असता, तर आमचा पाऊण तास वाचला असता.

बरोबर घ्यायचं: लसीकरणाचं कार्ड, जुनी फाइल, चालू औषधांच्या बाटल्या, आधार, शिधापत्रिका, विम्याचं कार्ड, दुपटं, फोनचा चार्जर. जिवावर बेतलं असेल तर यातलं काहीही शोधत बसू नका.

कॅज्युअल्टीत आधी काय दिसतंय ते सांगा, कधीपासून ते मग. "परवा मावशीकडे गेलो होतो, तिथे आइस्क्रीम खाल्लं" इथून सुरुवात केली की मुद्द्याला पोचायला वेळ जातो. "श्वास मिनिटाला साठ मोजला, दुपारपासून लघवी नाही" असं सांगा, माणसं पटकन हलतात. अपघात किंवा विषबाधा असेल तर पोलिसांना कळवण्यासाठी एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस नोंदवतात, त्याला घाबरू नका. उपचार त्यासाठी थांबवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं आहे की जीव वाचवणं हे सरकारी काय नि खासगी काय, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य.

दुसरीकडे न्या म्हणाले तर तीन गोष्टी मागा: काय झालंय आणि काय औषध दिलंय त्याची चिठ्ठी, पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट असल्याची खात्री, आणि ऑक्सिजन लागत असेल तर तो असलेली गाडी. हात हलवत नुसतं बाहेर पडू नका.

पैशांचं

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. ससूनसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे थोडं शुल्क पडतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार योजनेतल्या खासगी रुग्णालयातही मोफत मिळतात. तिथे दाराशी आरोग्यमित्राचं टेबल असतं, दाखल होतानाच त्याला भेटा. बाळाचं नाव शिधापत्रिकेत टाकायचं राहिलं असेल तर या महिन्यात टाकून घ्या.

आणखी एक वाट फार थोड्यांना माहीत आहे. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना, त्यांत कितीतरी नावाजलेली मोठी रुग्णालयं येतात, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत, दुर्बलसाठी 3 लाख 60 हजारांपर्यंत. तातडीच्या वेळी त्यांनी आधी रुग्ण स्थिर करायचा असतो. बिलिंगच्या खिडकीवर हे कुणी आपणहून सांगत नाही. समाजसेवा अधिकारी कुठे बसतात ते विचारा, आणि उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद दुसऱ्या दिवशी कुणाला तरी धाडून आणवा.

खासगी विमा असेल तर पोराचं नाव पॉलिसीत आहे का आणि तुमचं तिसरं ठिकाण कॅशलेसच्या यादीत आहे का, एवढं आज बघा.

घरी सोडताना

डिस्चार्ज समरी मराठीत समजावून घ्या, लाजू नका. औषध किती मिलिलिटर, किती दिवस, जेवणाआधी का नंतर. मग हा प्रश्न विचारा: "काय दिसलं तर परत आणायचं, आणि ते तुमच्याकडे का दुसरीकडे?" उत्तर समरीच्या मागच्या बाजूला त्यांच्यासमोरच लिहा. न्यूमोनिया, जुलाब, ताप यांत दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला जाणं पोर बरं वाटत असलं तरी टाळू नका. एक्स-रे आणि रक्ताचे अहवाल मागून घ्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि सगळं घेऊन नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे एकदा जाऊन या.

फ्रिजवरच्या कागदाची एक प्रत आजी-आजोबांच्या खोलीत लावा, मोठ्या अक्षरांत. एक पाळणाघराच्या ताईंना द्या, आणि दिवसा आईबाप दोघंही कामावर असताना पोराला रुग्णालयात न्यायची वेळ आली तर फोन लागायची वाट न बघता निघायचं, हे त्यांना स्वतः जाऊन सांगा.